विश्लेषण : तोंडातील लाळेची गाठ फोडली तरी परत का येते? शस्त्रक्रिया कधी लागते?

खालच्या ओठाच्या आत किंवा जिभेखाली मऊ, निळसर फुगवटा येतो. तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. काही दिवसांनी तो आपोआप फुटतो, बरे वाटते आणि पुन्हा भरतो. शिरूर तालुक्यातील रांजणगावसारख्या तीन पाळ्यांत चालणाऱ्या औद्योगिक गावात, जिथे एक खाडाही अनेक कामगारांना परवडत नाही, तिथे सुई टोचून मोकळे होण्याचा मोह होऊ शकतो. मात्र हा उपाय टिकत नाही आणि कधी कधी अंगाशीही येतो.

ही गाठ नेमकी कशाची?

लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरात सुमारे ६०० ते १,००० सूक्ष्म ग्रंथी असतात. या सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवतात. ओठ चावला गेला किंवा दाताची धार सतत घासत राहिली, की सूक्ष्म ग्रंथीची नळी तुटते. लाळ तोंडात न येता आतल्या आत साचते. या गाठीला ‘म्युकोसील’ म्हणतात. ती सर्वाधिक खालच्या ओठावर आणि मुले-तरुणांमध्ये दिसते. हीच गाठ जिभेखाली आली तर तिला ‘रॅन्युला’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘राना’ म्हणजे बेडूक. बेडकाच्या फुगलेल्या गळ्याशी साम्य असल्याने हे नाव पडले.

फोडून ती बरी का होत नाही?

फोडल्यावर साचलेली लाळ निघून जाते, पण ती गळणारी ग्रंथी तिथेच राहते. वरची त्वचा भरून आली की लाळ पुन्हा साचू लागते. अस्वच्छ सुईमुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि वारंवार फोडल्याने व्रण पडून पुढची शस्त्रक्रिया किचकट होते. काही लहान, वरवरच्या गाठी मात्र आपोआप जातात. त्यामुळे डॉक्टर सुरुवातीला थोडे दिवस वाट पाहण्याचा सल्ला देऊ शकतात.

शस्त्रक्रियेत काय करतात?

ओठावरील गाठ बहुधा जागा बधिर करून काढतात. गाठीबरोबर लगतच्या सूक्ष्म ग्रंथीही काढल्या जातात. त्या राहिल्या तर गाठ परत येण्याची शक्यता वाढते. नंतर टाके घालतात. रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. काही ठिकाणी लेझरचाही वापर होतो. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवणे महत्त्वाचे असते. ओठ चावण्याची सवय किंवा टोकदार दात तसाच राहिला, तर नवी गाठ येऊ शकते.

जिभेखालची गाठ वेगळी का?

तिथे मूळ बहुधा जिभेखालील मोठ्या ग्रंथीत असते. गाठीचे छत कापून कडा शिवण्याची पद्धत सोपी आहे, पण त्यात गाठ परत येण्याचे प्रमाण जास्त असते. ग्रंथीच काढली तर ते सर्वांत कमी राहते. या ग्रंथीचा एकूण लाळेतील वाटा अगदी थोडा असल्याने ती काढल्यावर तोंड कोरडे पडत नाही. मात्र जिभेला संवेदना देणारी नस आणि जबड्याखालील ग्रंथीची नळी शेजारूनच जाते. त्यांना इजा झाली तर जीभ बधिर होणे किंवा लाळ अडणे असे त्रास होऊ शकतात. म्हणूनच हे काम प्रशिक्षित मुखशल्यचिकित्सक किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांचे आहे. काही वेळा गाठ स्नायूंमधून मानेत उतरते. तेव्हा आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागू शकते.

कोणती गाठ धोक्याची?

टाळूवरची किंवा वरच्या ओठातली टणक, हळूहळू वाढणारी गाठ लाळग्रंथीची अर्बुद असू शकते. तिची बायोप्सी टाळू नये. तंबाखू किंवा गुटखा हे म्युकोसीलचे नेहमीचे कारण नाही; पण दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे ही लक्षणे कर्करोगाची किंवा त्याआधीच्या अवस्थेची असू शकतात. जेवताना जबड्याखाली सूज येऊन दुखत असेल, तर लाळेच्या नळीतील खड्याची शक्यता असते. त्याचे उपचार वेगळे आहेत.

रांजणगावकरांनी जायचे कुठे?

पहिली तपासणी नोंदणीकृत दंतवैद्याकडे किंवा शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. पुढील उपचारांसाठी पुण्यातील ससून रुग्णालय आणि दंत महाविद्यालयांची रुग्णालये हे पर्याय आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. कंत्राटी कामगार आणि कुटुंबातील अवलंबितांनाही उपचार मिळतात. त्यासाठी जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पात्र कामगाराला प्रमाणित आजारी रजेत वेतनाच्या सुमारे ७० टक्के आजारपण लाभही मिळू शकतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र त्यात ठरावीक उपचारच येतात. त्यामुळे आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारून घ्यावे.