दिवा कुठला लावावा?

"जुन्या गाडीला आता नवा दिवा कशाला?" आईचा फोनवर प्रश्न. आई, गियर बदलायची वेळ झाली हे सांगणारा दिवा असतो तो. शिफ्ट लाइट म्हणतात.

माझी १९९० ची मियाटा आठवडाभर ऑफिस, वाणसामान, लेकीचा क्लास करते. वर्षातून दोनदा लगुना सेकाच्या ट्रॅकवर जाते. ट्रॅकवर नजर वळणावर असते, काट्याकडे बघायला सवड नसते. म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून झगझगीत लाल दिवा बसवला. भर उन्हात झकास दिसायचा! पण एका रात्री हायवेला लागताना दुसऱ्या गियरमध्ये तो डोळ्यांसमोर भपकन पेटला आणि क्षणभर रस्ताच दिसेना. शेजारी लेक होती. घरी येऊन आधी तो काढला.

माझं मत विचाराल तर प्रखर दिवा घेऊ नका. अंधारात आपोआप मंद होणारा, हिरवा-पिवळा-लाल असा टप्प्याटप्प्याने पेटणारा घ्या. शिवाय दर गियरला वेगळा आकडा लावता आला पाहिजे. पहिल्या गियरमध्ये इंजिन सेकंदाला २००० आरपीएमने चढत असेल आणि पाय क्लचवर जायला पाव सेकंद लागला, तर तेवढ्यात ५०० आरपीएम वाढतात. माझी लाल रेघ ७००० ला, म्हणून पहिल्यात ६५०० ला इशारा हवा. चौथ्यात इंजिन सावकाश चढतं, तिथे थोडा उशिरा चालतो.

आणि चौथ्यातून तिसऱ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर कुठलाच दिवा इंजिन वाचवत नाही. तिथे आपला हातच शहाणा हवा.

असो. आई, आता दिवा मंद आहे. काळजी नसावी.