पणजी दिसेना म्हणून…



गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने आमच्या घराची वंशावळ इंटरनेटवर टाकली. जातपडताळणीसाठी जमवलेले शाळेचे दाखले घरात होतेच. त्यांवरून आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याने पाच पिढ्या उभ्या केल्या. आम्ही सर्वांनी त्याची पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी शहरात नोकरी करणाऱ्या पुतणीचा फोन आला. ‘‘काका, घरमालकाने माझे नाव इंटरनेटवर शोधले. आपले गाव, आईचे माहेर, सगळे वाचले. आता म्हणतो, खोली रिकामी करा.’’

आपल्याला लपवण्यासारखे काहीच नाही. लाज वाटायची तर त्या घरमालकाला वाटावी. पण आपल्याबद्दल कुणाला, केव्हा आणि किती सांगायचे, हे त्या मुलीने ठरवायचे होते. चुलतभावाने तिला न विचारता ठरवून टाकले.

मी कारकून माणूस. कोणती नोंद कुणाला दाखवायची याचा नियम पाहिल्याशिवाय रजिस्टर उघडत नाही. म्हणून पुतण्याला समोर बसवून सारे समजून घेतले.

त्याने वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव ‘वेबट्रीज’. ते २०१० पासून फुकट मिळते. यातली माहिती ‘जेडकॉम’ पद्धतीच्या फाईलमध्ये काढता येते. ही पद्धत अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९८४ साली तयार केली. तिच्यामुळे एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात नेता येते.

वेबट्रीजची मूळ रचनाच अशी आहे, की हयात माणसांचा तपशील परक्याला दिसत नाही. ज्या नातेवाइकांना खाते उघडून दिले, त्यांनाच तो दिसतो. मग असे झाले कसे?

झाले आमच्या पणजीमुळे! तिची जन्मतारीख नाही, मृत्यूची नोंद नाही. आपल्यापैकी किती घरांत अशा नोंदी आहेत? मृत्यूची नोंद नसेल तर सॉफ्टवेअर जन्माचे साल पाहते. तेही नसेल तर नवरा, मुले, नातवंडे यांच्या सालांवरून अंदाज बांधते. काहीच हाती लागले नाही, तर माणूस हयात आहे असे धरते. त्यामुळे पणजी बाहेरून दिसेना. पुतण्याने वैतागून ती अटच काढून टाकली. पणजी दिसली, पण तिच्याबरोबर अख्खे घर उघड्यावर आले.

वास्तविक उपाय सोपा होता. तारीख ठाऊक नसली तरी ‘मृत्यू झाला’ एवढी खूण करता येते. साल ‘सुमारे १९१०’ असेही लिहिता येते.

तेव्हा वंशावळ जरूर करा, पण तीन गोष्टी पाळा. गेलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे मृत्यूची खूण करा. हयात माणसांवरचा पडदा काढू नका, आणि ज्याचे नाव दाखवायचे त्याला आधी विचारा. फाईल कुणाला देताना त्यातही हयात माणसांचा तपशील वगळा. एकदा बाहेर गेलेली माहिती परत गोळा करता येत नाही.

आणखी एक. पडताळणीच्या वंशावळीत बापाकडची नावे लागतात, म्हणून आपण तेवढीच लिहितो. येथे बाईलाही तिची स्वतंत्र नोंद मिळते. आमच्या पणजीचे नाव घरातल्या एकाच म्हातारीला आठवत होते. ते लिहून झाले, हे बरे झाले.

पुतणीला आता दुसरी खोली मिळाली आहे. पुतण्याने तिची माफी मागितली आणि पडदा पुन्हा लावला.