काळ्या रंगाचा ताळेबंद



‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात लहानपणापासून कानांवर पडते. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही; म्हणायचे आणि हसायचे, एवढेच. गेल्या वर्षी मात्र जर्मनी आणि परभणी यांची गाठ पडलेली मी प्रत्यक्ष पाहिली. माझ्या एका स्नेह्यांच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे, ताडपत्रीखाली एक काळी ऑडी टीटी उभी होती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार. 1998 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन 2023 मध्ये कायमचे थांबले. शेडमधली गाडी 2012 सालची होती.

स्नेही मोंढ्यातील जुने आडतदार. त्यांचा मुलगा पुण्यात व्यवसायाला गेला, दोन-तीन वर्षे बरकत आली, आणि 2017 मध्ये त्याने ही गाडी वापरलेली घेतली. वडिलांना विचारले नाही, हे खरे दुखणे. 2020 च्या टाळेबंदीत व्यवसाय बसला. देणी भागवण्यासाठी मेहुण्यांकडून 6 लाख रुपये उसने घ्यावे लागले आणि चिरंजीव गाडीसह गावी परतले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आपली दुसरी म्हण त्या दिवसांत मोंढ्यात कोणी ना कोणी त्याला ऐकवीतच असे. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी शेडमध्ये लावायला सांगितले आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही. बापलेक एकाच गादीवर बसत, हिशेबापुरते बोलत.

चार वर्षांनी मुलगा माझ्याकडे आला. गाडी विकून मेहुण्यांचे पैसे फेडावेत, असे त्याच्या मनात होते. दलालाने ताडपत्री उचलून पाहिली आणि 5 लाख सांगितले. रंग पांढुरका पडलेला, चाके डागाळलेली. एका गॅरेजवाल्याने मात्र 9 हजारांत गाडी ‘चकाचक’ करून देण्याचा शब्द दिला होता.

“काका, नऊ हजार घालून पन्नास-साठ हजार जास्त मिळाले, तर त्यात वाईट काय?”

चकाचक म्हणजे नेमके काय करणार, असे मी विचारले. ओरखडे बुजतील असा तेलकट लेप चोळायचा, वर मेण, आणि टायरांना काळे पॉलिश. चार-सहा धुण्यांत लेप निघून जातो आणि ओरखडे परत दिसतात. मला बँकेतला मार्चअखेर आठवला. 31 मार्चला ठेवी फुगवून दाखवायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या वाटेने परत जायच्या. ताळेबंद त्या एका दिवसापुरता सुंदर दिसतो. शाखा होती तशीच राहते. मी त्याला एवढेच म्हणालो, “आधी गाडीची खरी स्थिती काय आहे ते पाहू. मग काय करायचे ते ठरव.”

पुढचे दोन महिने रविवारी सकाळी मी त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसत असे. काम त्याचे, वही माझी. त्यात जे शिकलो ते आज सांगतो. दारात गाडी नाही असे आपल्यात आता थोडेच घर असेल.

पहिला रविवार धुण्यात गेला नाही, पाहण्यात गेला. ताडपत्रीखाली कोळी, पाली, आणि मागच्या चाकाच्या पोकळीत कुंभारमाशीची मातीची घरटी होती. एकदम पाण्याचा फवारा सोडला असता तर काय झाले असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलाने ताडपत्री हळूहळू सरकवली, मऊ कुंचल्याने जीव बाजूला केले, आणि वसलेली घरटी रिकामी होईपर्यंत ते चाक तसेच ठेवले. गाडीच्या दृष्टीनेही ही घाई न करणे हिताचेच ठरले. कारण ताडपत्री घाईने ओढली असती, तर तिच्याखालची धूळ रंगावर घासली गेली असती. झाकली म्हणजे गाडी सुरक्षित राहिली, हा आपला मोठा गैरसमज आहे. वाऱ्याने हलणारे झाकण धुळीसह रंगावर घासत राहते, आणि त्याखाली ओल कोंडते ती वेगळीच.

आता काळ्या रंगाविषयी. गाडीवर पत्र्याच्या वर प्राथमिक थर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला पारदर्शक लेप 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा हे सगळे तो झेलतो. पॉलिश करणे म्हणजे या लेपाचा वरचा अंश घासून काढणे आणि पृष्ठभाग सपाट करणे. थोडक्यात, चमक ही बाहेरून आणलेली मिळकत नव्हे. मुद्दलातून केलेला खर्च आहे. तो लेप परत भरून येत नाही. ओरखड्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि पांढरी रेघ दिसते. पांढऱ्या गाडीवर ती लपते, काळ्या गाडीवर लपायला जागा नसते. ओरखडे दोन्हींवर सारखेच असतात, काळा रंग ते उघड सांगतो.

धुताना त्याने कपड्यांची पावडर वापरली नाही. ती क्षारयुक्त असते आणि रंगावरचे संरक्षक मेण काढून टाकते. गाडीचा शाम्पू, दोन बादल्या, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्याचे. आधी न हात लावता पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यायची, मग वरून खाली पुसत यायचे. चाकांचे फडके वेगळे. पाणी बादलीनेच वापरल्यामुळे आपल्या टंचाईच्या जिल्ह्यात मनाला टोचलेही नाही.

पाण्याबद्दल एक सूचना. घरच्या आरओ यंत्राचे सांडपाणी वाया जाऊ नये म्हणून अनेकजण त्याने गाडी धुतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते उन्हात वाळले की पांढरे डाग बसतात. त्या पाण्याने ओटा-अंगण धुवावे. गाडीला बोअरचे पाणी वापरलेच, तर सावलीत धुऊन लगेच कोरडे करावे. या गाडीवरचे क्षारांचे डाग त्याने पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून, थोडाच वेळ ठेवून, भरपूर पाण्याने धुऊन काढले. काही गेले, काहींनी लेपात खड्डा पाडला होता, ते राहिले.

कोरडे करायला बाजारात जे पिवळे मऊ कातडे मिळते, ते पुष्कळदा खरोखरच प्राण्याचे कातडे असते. पॉलिशचे काही गोळे लोकरीचे आणि काही मेणांत मधमाशांचे मेण असते. आपल्या घरांत हे पाहून घ्यावे. मायक्रोफायबरचे कापड, स्पंजाचे गोळे, आणि ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण किंवा कृत्रिम लेप यांनी काम तितकेच उत्तम होते.

पॉलिशपूर्वी मी मोजण्याचा आग्रह धरला. तारण पाहिल्याशिवाय कर्ज द्यायचे नाही, ही सवय जात नाही. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र त्याने मित्राकडून आणले. या गाडीचा पुढचा बराच भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा पोलादाचा, म्हणून दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र लागले. बहुतेक ठिकाणी आकडे 110 ते 130. डाव्या दारावर मात्र 310.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. दार पुन्हा रंगवलेले होते. म्हणजे कधीतरी ठोकर बसली होती, आणि 2017 मध्ये विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते. “मला कुणी सांगितलं नाही, काका,” तो म्हणाला. मी उत्तर दिले नाही. त्या 9 हजारांच्या चकाचकीचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही.

पॉलिश त्याने आधी बॉनेटच्या दीड-दोन फुटांच्या चौकोनावर करून पाहिले. सर्वांत सौम्य द्रावण, मऊ गोळा, कडांना चिकटपट्टी. तेवढ्याने जाळीसारखे बारीक ओरखडे पुष्कळ कमी झाले, तेव्हा अधिक तीव्र द्रावणाकडे तो वळलाच नाही. नखाला लागतात असे तीन खोल ओरखडे तसेच ठेवले. ते काढायला जेवढा लेप खर्चावा लागला असता, तेवढा उरलेला नव्हता.

मग चाके. मॅगव्हीलवर जो तपकिरी थर बसतो तो नुसती धूळ नसते. ब्रेकच्या लोखंडी तबकडीचे गरम कण उडून लेपात रुततात आणि तिथेच गंजतात. ते विरघळवणारे द्रावण लावले की जांभळे ओघळ येतात. हातमोजे घालावेत आणि वास उग्र असल्याने हवेशीर जागी बसावे. चारही चाके उतरवून आतून धुतली, तेव्हा एकाच्या आतल्या कडेला केसासारखी चीर दिसली. बाहेरून ते चाक चारांत सर्वांत देखणे होते. चीर पडलेले चाक डाग देऊन वापरू नये. ते बाद केले आणि एक जुने पण सरळ चाक शोधून आणले. बाकी तिन्हींचा लेप छत्रपती संभाजीनगरात नव्याने करून घेतला.

टायरांची नक्षी भरपूर शिल्लक होती. पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. या टायरांवर 1716 होते, म्हणजे 2016 चा सतरावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. कडांवर बारीक चिरा पडल्या होत्या. काळे पॉलिश नेमके याच चिरा झाकते आणि घेणारा त्यावर महामार्गाला लागतो. रंगातली लबाडी पैशांचे नुकसान करते, टायरातली जिवाचे. चारही टायर नवे घातले. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, 120 न्यूटन-मीटरपर्यंत आवळले, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

वहीतला हिशेब असा: धुलाई-पॉलिशचे साहित्य आणि यंत्राचे भाडे 14 हजार, चाके 36 हजार, टायर 58 हजार. एकूण 1 लाख 8 हजार. वडिलांना हा खर्च कळला तेव्हा ते मला म्हणाले, “साहेब, बुडीत खात्यात अजून किती घालायचे?” प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हणालो, “विकायच्या दिवशी एकदा येऊन बघा.”

मला ऑक्टोबर 2010 आठवतो. तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या. सुमारे 65 कोटींची ती खरेदी देशभर गाजली आणि मराठवाड्यालाही अभिमान वाटला. तो वाटावाच. पण वस्तू घेण्याचा समारंभ होतो, सांभाळण्याचा कधी होत नाही. घसारा मात्र पहिल्या दिवसापासून, कोणालाही आमंत्रण न देता, सुरू झालेला असतो.

ग्राहक नांदेडहून आले. मुलाने चावी देण्याआधी एक कागद त्यांच्या हाती दिला. डावे दार पुन्हा रंगवलेले आहे. तीन ओरखडे खोल आहेत. छतावर क्षारांचे डाग राहिले आहेत. एक चाक बदललेले आहे, कारण मूळ चाकाला चीर होती. ग्राहकांनी कागद दोनदा वाचला, दारापोटी 40 हजार कमी केले आणि 6 लाख 85 हजारांना सौदा ठरवला. खर्च वजा जाता हाती 5 लाख 77 हजार. दलालाच्या पहिल्या आकड्याहून 77 हजार जास्त, आणि मेहुण्यांच्या रकमेला 23 हजार कमी. ते त्याने पुढे आडतीच्या कामातून फेडले.

वडील त्या दिवशी आले होते. त्यांनी गाडीकडे कमी आणि त्या कागदाकडे जास्त वेळ पाहिले.

“हा तू लिहिलास?”

“हो, बाबा.”

“त्यांनी विचारायच्या आधी दिलास?”

“आधीच दिला.”

कागद घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. ग्राहक दुसऱ्या दिवशी गाडी नेणार होते. निघताना ते मुलाला म्हणाले, “सकाळी जिंतूरला नेमगिरीला जाऊन येऊ. हिच्यातूनच.” सत्तरी उलटलेल्या माणसाला त्या बुटक्या गाडीत बसताना बरीच कसरत करावी लागली, असे मुलगा नंतर सांगत होता. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले म्हणे, पुण्याला नेमके काय झाले होते. सात वर्षांत पहिल्यांदा.