चीनमधील आर्थिक सुधारणा आणि राजकीय तणाव

चीनमधील आर्थिक सुधारणा म्हणजे केंद्रीय नियोजनावर आधारलेली अर्थव्यवस्था टप्प्याटप्प्याने बाजारपेठेकडे नेण्यासाठी चीनच्या साम्यवादी पक्षाने डिसेंबर १९७८ पासून राबवलेले धोरण होय. चीनमध्ये ते ‘सुधारणा आणि खुलेपणा’ या नावाने ओळखले जाते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार या धोरणाच्या पहिल्या ४० वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अत्यंत दारिद्र्यातून बाहेर आले. २०१० मध्ये चीनने जपानला मागे टाकून जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेचे स्थान मिळवले. या संपूर्ण काळात साम्यवादी पक्षाची एकपक्षीय सत्ता मात्र अबाधित राहिली. वस्तूंच्या किमती, रोजगार आणि जमिनीचा वापर यांत बाजाराला वाव मिळाला; परंतु त्या संदर्भात घेतलेल्या निर्णयांबद्दल सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्याची स्वतंत्र व्यवस्था निर्माण झाली नाही. सुधारणाकाळातील बहुतेक राजकीय तणावांचे मूळ या विसंगतीत आढळते.

पार्श्वभूमी

१९४९ मध्ये सत्तेवर आलेल्या साम्यवादी पक्षाने शेतीचे सामूहिकीकरण व उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘मोठी झेप’ या मोहिमेनंतर पडलेल्या दुष्काळात कोट्यवधी लोक मृत्युमुखी पडले. १९६६ ते १९७६ या काळातील सांस्कृतिक क्रांतीने शिक्षण, प्रशासन आणि खुद्द पक्षसंघटना विस्कळीत केली. ९ सप्टेंबर १९७६ रोजी माओ त्से-तुंग यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात ‘चौकडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जहाल नेत्यांना अटक झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात दोनदा पदच्युत झालेले डेंग शियाओपिंग त्यानंतर सत्तेच्या केंद्रस्थानी आले. डिसेंबर १९७८ मध्ये झालेल्या अकराव्या केंद्रीय समितीच्या तिसऱ्या पूर्ण अधिवेशनात वर्गसंघर्षाऐवजी आधुनिकीकरण हे पक्षाचे मुख्य कार्य ठरवण्यात आले.

मर्यादांची आखणी

सुधारणांच्या राजकीय मर्यादा अगदी आरंभीच स्पष्ट झाल्या. १९७८ च्या अखेरीस बीजिंगमधील शीदान भागातील एका भिंतीवर नागरिक आपल्या तक्रारी व मते लिहिलेले कागद चिकटवू लागले. ती ‘लोकशाही भिंत’ म्हणून प्रसिद्ध झाली. शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान-तंत्रज्ञान या चार आधुनिकीकरणांना लोकशाहीची पाचवी जोड हवी, असे वेई जिंगशेंग या कामगाराने तेथे मांडले. मार्च १९७९ मध्ये डेंग यांनी ‘चार मूलभूत तत्त्वे’ जाहीर केली. समाजवादी मार्ग, सर्वहारा वर्गाची अधिसत्ता, पक्षाचे नेतृत्व आणि मार्क्स-लेनिन-माओ यांचा विचार या चार गोष्टी वादातीत ठरल्या. वेई यांना अटक होऊन १५ वर्षांची शिक्षा झाली.

ग्रामीण सुधारणा

शेतीतील बदलाची सुरुवात राजधानीत झाली नाही. आन्हुई प्रांतातील श्याओगांग या गावातील १८ शेतकऱ्यांनी १९७८ च्या हिवाळ्यात एक गुप्त करार करून सामूहिक जमीन कुटुंबांमध्ये कसण्यासाठी वाटून घेतली. सरकारचा वाटा दिल्यानंतर उरलेले धान्य ज्याचे त्याचे, असे ठरले. या कृत्याबद्दल कोणाला तुरुंगवास झाल्यास त्याच्या मुलांचा सांभाळ इतरांनी करावा, असेही करारात नमूद होते. मोठ्या झेपेनंतरच्या दुष्काळाची सर्वाधिक झळ ज्या प्रांतांना बसली, त्यांत आन्हुईचा समावेश होता. त्या पार्श्वभूमीवर या करारातील धास्ती आणि निकड दोन्ही समजतात.

प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी अशा प्रयोगांना संरक्षण दिले. पुढे ‘कौटुंबिक जबाबदारी पद्धती’ या नावाने ती देशभर पसरली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लोककम्यून विसर्जित झाले. उत्पादन व ग्रामीण उत्पन्न वेगाने वाढले. तथापि, शेतकऱ्याला मिळाला तो जमीन कसण्याचा हक्क. मालकी सामूहिकच राहिली. या तरतुदीचे परिणाम पुढील काळात दिसून आले.

किनारपट्टीवर १९८० मध्ये शेन्झेन, झुहाई, शान्तौ आणि शियामेन येथे परकीय गुंतवणुकीसाठी विशेष आर्थिक क्षेत्रे स्थापन झाली. १९८४ मध्ये आणखी १४ किनारी शहरे खुली करण्यात आली.

दुहेरी किंमत पद्धती आणि १९८९ चे आंदोलन

सुधारणांच्या गतीबाबत पक्षनेतृत्वात एकमत नव्हते. ज्येष्ठ नेते चेन युन अर्थव्यवस्थेला पक्ष्याची आणि नियोजनाला पिंजऱ्याची उपमा देत. पिंजरा प्रशस्त असावा, पण तो असावाच, असे त्यांचे मत होते. हू याओबांग आणि झाओ झियांग हे नेते अधिक मोकळ्या धोरणाचे पुरस्कर्ते होते.

किमती एकदम मुक्त करण्याऐवजी १९८० च्या दशकाच्या मध्यात दुहेरी पद्धत स्वीकारण्यात आली. पोलाद, कोळसा यांसारख्या वस्तूंचा ठरावीक कोटा सरकारी दराने आणि त्यावरील उत्पादन बाजारभावाने विकले जाई. कारखान्यांना अधिक उत्पादनाची प्रेरणा मिळाली, हा या पद्धतीचा लाभ होता. परंतु दोन दरांमधील तफावत मोठी असल्याने सरकारी कोटा मिळवून तोच माल बाजारात विकणाऱ्यांना श्रमाविना नफा मिळू लागला. असा कोटा मिळवणे पदाधिकारी आणि त्यांच्या नातलगांनाच शक्य होते. या नफेखोरीसाठी ‘ग्वानदाओ’ हा शब्द रूढ झाला. बाजार आणि सत्ता यांच्या सांध्यावर उगवलेला हा भ्रष्टाचार सामान्य नागरिकाला रोज दिसत होता.

१९८८ च्या उन्हाळ्यात नेतृत्वाने किमती मुक्त करण्याचा निर्णय घेतला. बातमी पसरताच लोकांनी बँकांतील ठेवी काढून वस्तूंचा साठा करण्यास सुरुवात केली. त्या वर्षी महागाईचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. ठरावीक वेतनावर जगणारे शिक्षक, कामगार आणि कर्मचारी यांना याची झळ विशेष बसली.

विद्यार्थी आंदोलनाबाबत सौम्य भूमिका घेतल्याच्या कारणावरून जानेवारी १९८७ मध्ये पदत्याग करावा लागलेल्या हू याओबांग यांचे १५ एप्रिल १९८९ रोजी निधन झाले. त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी तिआनानमेन चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांनी वृत्तपत्रस्वातंत्र्य, नेत्यांच्या संपत्तीची माहिती आणि संवाद यांची मागणी केली. २६ एप्रिलच्या ‘पीपल्स डेली’मधील अग्रलेखाने आंदोलनाला ‘उपद्रव’ ठरवल्यावर ते अधिक व्यापक झाले. महागाईने त्रस्त कामगारांनीही स्वायत्त संघटना उभारली. एकपक्षीय राज्याच्या दृष्टीने ही घटना विद्यार्थ्यांच्या उपोषणाइतकीच गंभीर होती. सरचिटणीस झाओ झियांग यांनी लष्करी कायद्याला विरोध केला. १९ मे रोजी पहाटे त्यांनी विद्यार्थ्यांची घेतलेली भेट हे त्यांचे अखेरचे सार्वजनिक दर्शन ठरले. ३ आणि ४ जून रोजी लष्कराने बळाचा वापर करून आंदोलन मोडून काढले. मृतांची संख्या वादग्रस्त असून अंदाज काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत आहेत. झाओ २००५ मधील मृत्यूपर्यंत नजरकैदेत राहिले.

१९९२ नंतरचा टप्पा

१९८९ नंतर सुधारणांची गती मंदावली. १९९२ च्या आरंभी डेंग यांनी वुचांग, शेन्झेन, झुहाई आणि शांघाय येथे केलेल्या ‘दक्षिण दौऱ्या’ने तिला पुन्हा चालना मिळाली. त्याच वर्षीच्या चौदाव्या पक्ष अधिवेशनात ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ हे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. राजकीय सुधारणांची झाओ यांच्या काळातील चर्चा, विशेषतः पक्ष आणि शासन यांच्या विभाजनाची कल्पना, मात्र मागे पडली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मोठे धरा, लहान सोडा’ या सूत्रानुसार सरकारी उद्योगांची पुनर्रचना झाली. कायम नोकरी, निवास आणि वैद्यकीय सेवा यांची हमी देणारा ‘लोखंडी वाडगा’ फुटला आणि कोट्यवधी कामगारांचा रोजगार गेला. २००२ मध्ये लिआओयांग व दाचिंग येथे कामगारांनी मोठी निदर्शने केली. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्याच सुमारास जिआंग झेमिन यांच्या ‘तीन प्रतिनिधित्वे’ या सिद्धान्ताद्वारे खाजगी उद्योजकांना पक्षाची दारे उघडण्यात आली. संपत्ती निर्माण करणारा नवा वर्ग पक्षाबाहेर संघटित होण्याऐवजी पक्षातच सामावला गेला.

जमिनीचा प्रश्न

१९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, तर खर्चाचा भार स्थानिक शासनांवर राहिला. जमीन संपादन करून ती विकासकांना भाडेपट्ट्याने देणे हा स्थानिक उत्पन्नाचा प्रमुख मार्ग बनला. शेतकऱ्यांना मिळणारी भरपाई बहुधा शेतीच्या उत्पन्नावर ठरे, विक्री मात्र शहरी दराने होई. ग्वांगडोंग प्रांतातील वुकान गावात २०११ मध्ये याच कारणावरून ग्रामस्थांनी स्थानिक अधिकाऱ्यांना गावाबाहेर घालवले. प्रांतिक नेतृत्वाने तडजोड केली व मार्च २०१२ मध्ये गावात खुली निवडणूक झाली. तथापि, जमिनीचा वाद सुटला नाही. २०१६ मध्ये निवडून आलेल्या ग्रामप्रमुखाला लाचखोरीच्या आरोपाखाली तुरुंगात पाठवण्यात आले.

शी जिनपिंग यांचा काळ

शी जिनपिंग नोव्हेंबर २०१२ मध्ये सरचिटणीस झाले. २०१३ च्या तिसऱ्या पूर्ण अधिवेशनाने साधनसंपत्तीच्या वाटपात बाजाराची भूमिका ‘निर्णायक’ असल्याचे घोषित केले. प्रत्यक्षात पक्षाचे नियंत्रण वाढत गेले. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या कार्यकाळाची मर्यादा रद्द करण्यात आली. नोव्हेंबर २०२० मध्ये, उद्योजक जॅक मा यांनी वित्तीय नियामकांवर टीका केल्यानंतर काही दिवसांतच अँट ग्रुपची समभागविक्री रोखण्यात आली. २०२१ मध्ये एव्हरग्रँड ही बांधकाम कंपनी कर्जफेडीत अपयशी ठरली आणि गृहबांधणीवर आधारलेल्या वाढीच्या मर्यादा उघड झाल्या.

२०२२ मध्ये हनान प्रांतातील ग्रामीण बँकांच्या ठेवीदारांना आपले पैसे काढता येईनात. ते झंगझौ येथे निदर्शनांसाठी येऊ लागले, तेव्हा साथनियंत्रणासाठी असलेले त्यांच्या मोबाइलमधील आरोग्य-संकेत ‘लाल’ करून त्यांचा प्रवास रोखण्यात आला. या प्रकरणी पुढे काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उरुमची येथील आगीत १० जणांचा मृत्यू झाल्यानंतर अनेक शहरांत तरुणांनी कोरे कागद हाती धरून टाळेबंदीचा निषेध केला. काही आठवड्यांत निर्बंध उठवण्यात आले, मात्र अनेक निदर्शकांना ताब्यात घेण्यात आले.

मूल्यमापन

आर्थिक प्रगतीबरोबर मध्यमवर्ग वाढेल आणि तो लोकशाहीची मागणी करील, असा अंदाज अनेक अभ्यासकांनी वर्तवला होता. चीनच्या बाबतीत तो आजवर खरा ठरलेला नाही. पक्षाने काही प्रसंगी माघार घेतली, काही वेळा तडजोड केली. २००६ मध्ये कृषिकर रद्द करणे हे त्याचे ठळक उदाहरण होय. परंतु मागणी मान्य करणे आणि मागणी करणाऱ्याचा संघटित होण्याचा हक्क मान्य करणे, यांतील भेद पक्षाने सातत्याने जपला. १९७९ चे पत्रक, १९८९ ची कामगार संघटना आणि वुकानचे ग्रामप्रतिनिधी यांच्या वाट्याला आलेला अनुभव या दृष्टीने एकाच सूत्रातील आहे.

वाढीचा वेग मंदावल्यावर या भेदाचे आर्थिक मूल्यही दिसू लागले आहे. जून २०२३ मध्ये शहरी युवकांमधील बेरोजगारीचा दर २१.३ टक्के नोंदला गेला. त्यानंतर ही आकडेवारी प्रसिद्ध करणे काही महिने थांबवण्यात आले आणि पुढे बदललेल्या पद्धतीने ती पुन्हा देण्यात येऊ लागली. गुंतवणूकदार, उद्योजक, ठेवीदार आणि नोकरीच्या शोधातील तरुण या सर्वांनाच विश्वासार्ह माहिती आणि दाद मागण्याची जागा लागते. बाजाराला आवश्यक असलेल्या या दोन गोष्टी एकपक्षीय सत्तेला कितपत देता येतील, यावर चीनच्या सुधारणांचे पुढील स्वरूप अवलंबून आहे.