क्रीडागुरु आणि जन्माचा स्नेह

शाळेच्या वार्षिक समारंभांत ढाली आणि चषक टेबलावर मांडले जातात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां कपाटांत जाऊन बसतात. खेळ शिकविणाऱ्या गुरूचें काम ह्या कपाटावरून मोजण्याची आपणांस संवय जडली आहे. यंदा किती सामने जिंकले, हा एकच प्रश्न पालक विचारतात आणि तोच शाळेचे चालकही विचारतात. आमच्या मतें हें माप अपुरें आहे. शिष्य शिक्षण संपवून निघून गेला, गुरूकडून त्यास मिळावयाचें कांहीं उरलें नाहीं, आणि तरीही तो आपण होऊन गुरूच्या दारीं येत राहिला, तर त्या गुरूचें काम साधलें असें समजावें. ह्या मताच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेंतील एका गुरुशिष्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

बास्केटबॉल हा खेळ मूळचा ख्रिस्ती संस्थेच्या आवारांतला. डिसेंबर १८९१ मध्यें स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें तो प्रथम खेळविला. त्याच खेळाचे पुढें अत्यंत नामांकित गुरु झाले ते जॉन वुडन. त्यांचा जन्म १९१० सालीं इंडियाना प्रांतांत झाला व ते शेतावर वाढले. आरंभीं त्यांनीं हायस्कुलांत इंग्रजी भाषा शिकविली. आणि १९४८ पासून १९७५ पर्यंत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या संघास खेळ शिकविला. त्यांतील शेवटच्या १२ वर्षांत त्यांच्या संघानें कॉलेजांचें राष्ट्रीय अजिंक्यपद १० वेळां मिळविलें. कपाटाचेंच माप लावावयाचें तर त्यांचें कपाट भरून वाहत होतें. परंतु आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच.

नव्या मुलांना वुडन पहिल्या दिवशीं काय शिकवीत? पायमोजे नीट चढविण्यास आणि बुटांचे बंद नीट आवळण्यास! मोज्यास एक सुरकुती राहिली तर पायाला फोड येतो, आणि फोड आलेला मुलगा खेळास मुकतो, असा त्यांचा साधा हिशेब. कोणत्या मिनिटाला कोणता सराव करावयाचा, हें ते रोज आधीं लिहून काढीत. १९७४-७५ च्या हंगामांत दोघां मानसशास्त्रज्ञांनीं त्यांचें सरावाच्या वेळचें बोलणें टिपून त्याची वर्गवारी केली. त्यांत सुमारें तीन-चतुर्थांश भाग निव्वळ शिकवणीचा निघाला. शाबासकी शेंकडा ७ आणि नाराजीही जवळजवळ तितकीच. जिंकण्याची भाषा ते करीत नसत. आपल्या शक्तीप्रमाणें पूर्ण प्रयत्न केल्याचें जें समाधान, तेंच यश, अशी त्यांची व्याख्या होती. तात्पर्य, गोड बोलून मुलांचा स्नेह मिळविणारा हा गुरु नव्हे.

१९६५ सालीं न्यूयॉर्कचा एक कृष्णवर्णी कॅथोलिक मुलगा त्यांच्याकडे आला. नांव ल्यू अल्सिंडर; उंची ७ फूट २ इंच. ह्या मुलाच्या मनांत एक सल होता. हायस्कुलांतील त्याच्या खेळगुरूनें एका सामन्याच्या मध्यंतरांत त्यास चेव आणण्यासाठीं त्याच्या वर्णावरून अत्यंत हीन शब्द उच्चारिला होता. सामना हातीं आला, पण मुलाचें मन तुटलें. वुडन ह्यांची रीत वेगळी होती. पूर्वीं ते इंडियाना प्रांतांतील एका शिक्षक-महाविद्यालयाच्या संघास शिकवीत असतां, १९४७ सालीं, त्या संघास एका राष्ट्रीय स्पर्धेचें आमंत्रण आलें. परंतु कृष्णवर्णी खेळाडूंस तेथें मज्जाव होता. संघांत क्लॅरेन्स वॉकर हा तसा एक मुलगा होता. त्यास मागें ठेवून जाण्याऐवजीं वुडन ह्यांनीं आमंत्रणच नाकारिलें. पुढच्या वर्षीं तो नियम गेला आणि वॉकर त्या स्पर्धेंत खेळला.

ल्यू संघांत असतां १९६७, १९६८ व १९६९ ह्या तिन्ही वर्षीं अजिंक्यपद मिळालें. १९६७ मध्येंच नियमकर्त्यांनीं चेंडू वरून टोपलींत दडपण्यास बंदी केली. ह्या उंच मुलाला अडविण्यासाठींच ती आहे, असें पुष्कळांस वाटलें. ह्यामुळें तुझा खेळ अधिक चांगलाच होईल, असें वुडन ह्यांनीं त्यास सांगितलें. ल्यूनें हात डोक्यावर उंच नेऊन चेंडू अलगद सोडण्याची आपली लकब घोटून पक्की केली, आणि पुढें व्यावसायिक खेळाच्या २० हंगामांत ३८,३८७ गुण मिळविले. हा विक्रम २०२३ पर्यंत कोणास मोडतां आला नाहीं.

परंतु खेळाहून कठीण प्रसंग निराळेच होते. १९६८ सालीं वर्णद्वेषाच्या निषेधार्थ ल्यूनें मेक्सिकोच्या ऑलिंपिकसाठीं खेळण्याचें नाकारिलें. त्याच वर्षीं त्यानें इस्लाम धर्म स्वीकारिला, व १९७१ पासून करीम अब्दुल-जब्बार हें नांव तो जाहीरपणें लावूं लागला. वुडन हे तर निष्ठावंत ख्रिस्ती. गोऱ्या वस्तीच्या खेड्यांत वाढलेल्या ह्या गृहस्थास आपल्या शिष्याच्या दुःखाची सारी खोली एकदम कळली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. पण शिष्यानें आपल्या मताचें व्हावें, ही अट त्यांनीं स्नेहास घातली नाहीं. येथें आम्ही मिशनशाळेंतील मंडळींनीं क्षणभर थांबून विचार करावा. आमच्या वर्गांत हिंदु, मुसलमान, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशीं सर्व मुलें एका बांकावर बसतात. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखिला कीं आपली श्रद्धा ढिली होते, अशी भीति कित्येकांस वाटते. वुडन ह्यांची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ राहिली, आणि त्यांचा मुसलमान शिष्यही अखेरपर्यंत त्यांचाच राहिला.

१९७५ सालीं एक योग जुळून आला. वुडन निवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं करीम लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघांत आले. आतां एक शिकविणारा नव्हता व दुसरा शिकणारा नव्हता. उरला तो केवळ स्नेह. १९८५ मध्यें वुडन ह्यांच्या पत्नी नेली वारल्या व पन्नासांहून अधिक वर्षांचा संसार सरला. त्या एकांतांत जुने शिष्य त्यांच्याकडे येत राहिले, आणि त्यांत करीम होते. नव्वदी ओलांडलेल्या गुरूचा हात हातीं धरून सात फुटांहून उंच शिष्य हळू पावलांनीं चालला आहे, असें त्या दोघांचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ४ जून २०१० रोजीं, वयाच्या ९९ व्या वर्षीं, वुडन निवर्तले. २०१७ सालीं करीम ह्यांनीं त्यांच्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. अजिंक्यपदें मिळविलीं होतीं तीन. पण पुस्तकाच्या नांवांत घातली ती ५० वर्षांची मैत्री!

कोणी म्हणेल, गुरु मित्र झाला कीं शिस्त सुटते. ह्यावर वुडन ह्यांच्याच दुसऱ्या एका विख्यात शिष्याची, बिल वॉल्टनची, गोष्ट पुरेशी आहे. तो एकदां दाढी वाढवून सरावास आला आणि हा माझा हक्क आहे असें म्हणूं लागला. आपल्या मतास चिकटून राहणाऱ्यांचा मला आदर वाटतो, असें वुडन शांतपणें म्हणाले. मात्र संघाला तुझी उणीव भासेल, असेंही त्यांनीं सांगितलें. वॉल्टन तत्काळ दाढी काढून आला. हाच वॉल्टन पुढें जन्मभर त्यांचा निकटचा स्नेही राहिला. जेथें नियम सर्वांस सारखा आणि त्यामागें मुलाविषयीं आदर, तेथें शिस्त व मैत्री एकमेकींच्या आड येत नाहींत.

आतां आपल्या घरचें पाहूं. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास सर्वांत आधीं काढून घेतला जातो, आणि तो गणिताला दिला म्हणून कोणी हळहळत नाहीं. शिक्षकांच्या ओळींत ड्रिलमास्तरांची खुर्ची बहुधा शेवटची. आणि तरीही मुलगा खरा कसा आहे, तो हरल्यावर काय करतो, दुबळ्या सोबत्याशीं कसा वागतो, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास दिसत नाहीं. पालकांस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं ड्रिलमास्तरांस ढालींविषयीं विचारण्यापूर्वीं आपल्या मुलाविषयीं विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, शाळा सोडून जाल तेव्हां मैदानावरच्या गुरूला विसरूं नका. काम असेल तेव्हां तर सर्वच येतात. तुम्ही कांहीं काम नसतां या.

आमच्या प्रभूनें अखेरच्या रात्रीं आपल्या शिष्यांस सेवक न म्हणतां मित्र म्हटलें. गुरूनें शिष्यास देण्याजोगा ह्याहून मोठा सन्मान नाहीं, आणि त्यास पात्र होण्याहून मोठें पारितोषिक शिष्यासही नाहीं.