नाताळातील संदेष्टे आणि त्यांचे मौन

नाताळ आला की आपल्या मंडळ्यांतून बेथलेहेमचा गोठा, मेंढपाळ आणि पूर्वेकडील ज्ञानी लोक यांची वर्णने होतात; ती व्हावीतही. परंतु लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय सलग वाचले, तर या जन्मकथेच्या कडेला आणखी काही माणसे उभी दिसतात. जखऱ्या, शिमोन आणि हन्ना ही ती माणसे. तिघांनाही देवाचा शब्द बोलावयाचा होता, आणि तो ओठांवर येण्यापूर्वी तिघांनाही दीर्घ काळ थांबावे लागले.

हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते, याला कारण आहे. परभणीपासून गंगाखेडपर्यंत, शहरात काय आणि खेड्यात काय, प्रार्थनासभांतून "प्रभूने मला असे दाखविले आहे" हे शब्द आताशा वारंवार कानी पडतात. बोलणारे बहुधा तरुण असतात, आणि त्यांची तळमळ खोटी असते असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. देव आजही माणसांना हाक देतो, ही आपली श्रद्धाच आहे. प्रश्न हाकेचा नाही. हाक आल्यानंतरच्या दिवसाचा आहे. त्या दिवशी हा तरुण काय करतो? आपल्याकडे तो लगेच व्यासपीठावर चढतो. आणि लोकही त्याला मुलीचे लग्न कोठे जमेल, नोकरी केव्हा लागेल, हेच विचारतात. संदेष्ट्याचा ज्योतिषी व्हावयास मग फारसा वेळ लागत नाही. एखाद्या रोग्याला "औषध बंद करा, विश्वास ठेवा" असे सांगण्यापर्यंत मजल गेली, म्हणजे तर चूक केवळ बोलणाऱ्यापुरती उरत नाही.

जखऱ्या हा याजक. मंदिरात धूप जाळीत असता त्याला देवदूताचे दर्शन झाले, आणि बाहेर आला तो मुका होऊन. पुत्राचा जन्म होईपर्यंत त्याला वाचा नव्हती. ती फुटली तेव्हा त्याने भविष्यवाद केला. पण तत्पूर्वी पाटीवर मुलाचे नाव लिहून त्याने आज्ञा पाळली होती. हन्नेची कथा याहून हृद्य आहे. लग्नानंतर सात वर्षांनी ती विधवा झाली; लूक तिला भेटतो तेव्हा चौऱ्याऐंशीचा आकडा सांगतो. रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना, मंदिर न सोडणे, एवढेच तिचे चरित्र. लूक तिला 'संदेष्ट्री' म्हणतो, पण तिने बालकाविषयी लोकांना जे सांगितले त्यातील एक शब्दही त्याने नोंदविलेला नाही. आपल्या सभांच्या फलकावर छायाचित्र छापले नाही म्हणून रुसणाऱ्यांनी या गोष्टीकडे पाहावे.

ज्या जिल्ह्यात गंगाखेड आहे, त्या जिल्ह्याला हे नव्याने शिकवावयास नको. परंपरा ज्यांना गंगाखेडच्या मानते, त्या जनाबाईंनी आपली साधना नामदेवांच्या घरी दळणकांडण करताना केली. दोन धर्मांच्या वाटा एकच आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. पण जात्यापाशी बसलेल्या माणसाच्या शब्दाला वजन का येते, हे गोदाकाठच्या माणसाला ठाऊक असते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजापुढे याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. केडगावच्या मुक्तिसदनात 1905च्या आरंभी त्यांनी प्रार्थनेसाठी मुलींना साद घातली, तेव्हा सुमारे 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या शेकड्यांवर गेली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे ते प्रसिद्ध आत्मिक जागरण झाले. मुली रडत पापे कबूल करीत, सर्वजणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. हा प्रकार अनेकांना रुचला नाही. रमाबाईंनी मात्र तो बंद पाडला नाही. भारतीय स्त्रिया भारतीय रीतीने प्रार्थना करणारच, अशीच त्यांची भूमिका होती. त्याचबरोबर शेत, विणकाम, स्वयंपाकघर, छापखाना, कशातही त्यांनी खंड पडू दिला नाही. प्रार्थना करणाऱ्या हातांना दुसऱ्या दिवशी काम असेच.

आणि स्वतः रमाबाईंनी काय केले? कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, जिच्या वाणीने सभा डोलत, त्या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थिनीच्या पाटावर बसल्या. सामान्य मराठी बाईला वाचता येईल असे पवित्र शास्त्राचे भाषांतर मूळ भाषांवरून करावे, हा त्यांनी घेतलेला वसा. त्यांच्या अखेरच्या वर्षांचा मोठा भाग त्यात गेला. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापला गेलेला तो संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. ज्या घरात आत्म्याचा वर्षाव झाल्याची वार्ता देशोदेशी गेली, त्या घराची धनीण धातू आणि विभक्ती यांच्याशी झगडत बसली होती! प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्या संदेष्टेपणाची खरी खूण हीच. जो शब्द देवाचा म्हणून सांगावयाचा, तो नीट वाचता येण्यासाठी इतके कष्ट तिने योग्य मानले.

थांबण्याविषयी यिर्मयाचेही एक उदाहरण आहे, आणि उपदेशांतून ते क्वचितच येते. मिसर देशास पळून जावे की राहावे, असे घाबरलेल्या लोकांनी त्याला विचारले. उत्तर यावयास दहा दिवस लागले (यिर्मया 42). शत्रू दाराशी, लोक अधीर, आणि संदेष्टा गप्प! आजचा उपदेशक तेथे असता तर दहा मिनिटांत मोकळा झाला असता.

पैशाचाही प्रश्न आहेच. 'बारा प्रेषितांची शिकवण' या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत जो आत्म्याच्या नावे स्वतःसाठी पैसा मागतो त्याचे ऐकू नये, असे बजाविले आहे. गरजूंसाठी मागितला तर दोष नाही. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर 22 वर्षांनी, 1917 साली, मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' उभारला. 1919 साली ते गेले. दरबार फार काळ त्यांच्या हाती राहिला नाही. पण वेतनाचा आधार सोडून बोलावे असे त्यांना वाटले, हे विसरता येत नाही.

तेव्हा ज्याला हाक आल्यासारखे वाटते त्याने वर्षभर तरी व्यासपीठ टाळावे, असे सुचवावेसे वाटते. एखाद्या संदेष्ट्याचा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा, निवडक वचने नव्हेत. उपास करावा तर यशयाच्या 58व्या अध्यायातला, म्हणजे वाचलेली भाकर भुकेल्याच्या ताटात जाईल असा. जो संदेश मिळाला असे वाटेल तो तारीख घालून लिहून ठेवावा आणि मंडळीतील दोन-तीन जाणत्यांपुढे ठेवावा. बोललेल्याची पारख इतरांनी करावी, हा नियम पौलाने करिंथच्या मंडळीला घालून दिलाच आहे (1 करिंथ 14). ही पारख ज्याला अपमान वाटते, त्याच्या हाकेविषयी शंका घ्यावयास जागा आहे. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनीही केवळ नाके मुरडून भागणार नाही. तरुणाला बसवून घेणे हे त्यांचे काम, आणि ते बहुतेक ठिकाणी होत नाही.

आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराची झाडे राखणारा. त्याचे बोलणे लग्न-नोकरीविषयी नव्हते. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणाऱ्या बाजाराविषयी होते. आपल्या जिल्ह्याच्या बालाघाटच्या पट्ट्यातून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली कुटुंबे या नाताळात दूर कारखान्यांच्या फडांवर कोप्यांत असतील. गावात घरांना कुलपे, आणि ओसरीवर मागे ठेवलेली म्हातारी माणसे. मंडळीने यंदा आपल्या संदेष्टेपणाची ओढ असलेल्या तरुणांना अशा चार घरी पाठवावे. भाषणाला नव्हे, पाणी भरून द्यावयास, औषध आणून द्यावयास, आणि उचल किती होती व फिटली किती हे त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून यावयास.