झाड परवडलं पाहिजे!

दर जुलैत हॉस्टेलमागे आपण वृक्षारोपण करतो, फोटो काढतो आणि दिवाळीपर्यंत रोपं वाळतात. कारण ती कोणाचीच नसतात!

मी ओझरचा. (गणपतीचं ओझर जुन्नरला, आमचं एचएएलचं!) आमच्याच निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या विनायकदादा पाटलांनी १९८० च्या दशकात शेतकऱ्यांना निलगिरी पीक म्हणून लावायला लावली, सहकारी संस्था काढली. भाषण नाही, हिशोब! अर्थात निलगिरी म्हणजे जंगल नव्हे.

खरं जंगल वाचवणारा हिशोब भीमाशंकरला आहे. तिथल्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. पुण्याच्या एईआरएफ संस्थेच्या मदतीने गावकरी झाड न तोडता हिरडा-बेहडा गोळा करतात. 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्रामुळे परदेशी कंपनी जादा भाव देते. झाड उभं असेल तरच पैसा!

आमच्या द्राक्षवाल्या काकांना म्हटलं, बांधावर झाडं लावा ना. म्हणाले, "सावली पडली की माल जातो रे. नुकसान तू देणार?" मी गप्प! कॉन्व्हेंटमध्ये 'सेव्ह ट्रीज'ची पोस्टर्स भरपूर रंगवली होती, पण हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

यंदा गॅदरिंगच्या बुके-शालींचे पैसे अशाच एखाद्या बांधावरच्या दहा झाडांना, तीन वर्षं, दिले तर? जनरल सेक्रेटरी, ऐकताय ना?